पत्तेदार मयत

खरेदीखतात विकणाऱ्याच्या जागी
आमच्याकडे लिहितात: कुओलिनपेसा.
कुओलिन म्हणजे मरणाचं, पेसा म्हणजे घरटं.
तौनो हुर्स्काइनेन यांचं मरणाचं घरटं
मला बावीस हजार युरोंना घर विकत होतं,
विहिरीसकट, साउनासकट,
जसं आहे तसं.

बँकेतल्या पोराने सहीच्या जागी बोट ठेवलं.
भाची ताम्पेरेहून आलेली, सेइया,
कोट न काढताच बसली होती.
म्हणाली, तुम्ही ओळखत होतात ना मामांना?
मी म्हटलं, पेटीपर्यंत.

अकरा वर्षं मी त्या रस्त्यावर टपाल टाकलं.
गाडीतून हात बाहेर, झाकण वर,
पेपर आत, झाकण खाली.
सात सेकंद. मोजलेत वरच्या लोकांनी.
तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत
त्याचा हात वर व्हायचा.
चेहरा कधी नीट दिसला नाही, काचेवर आभाळ असायचं.
हात मात्र शंभरांत ओळखला असता.

त्याच्याकडे काय येतं ते मला पाठ होतं.
कानाच्या यंत्राचे सेल, बियाण्यांचा कॅटलॉग,
डिसेंबरात एकच कार्ड, स्वीडनच्या तिकिटाचं.
ज्या वर्षी ते आलं नाही
त्या वर्षी तो स्वतः पेटीपाशी उभा, उणे वीस अंशांत.
"आणखी काही?"
मी उगाचच मागची सीट चाचपली.

आतलं घर परकं निघालं.
विजेचं बटण दाराच्या भलत्याच बाजूला.
फडताळात तीन कप, चहाकॉफीचा डाग एकालाच.
लोक म्हणाले, गादी जाळ, भिंती रंगव.
मी फक्त खिडकी पुसली.
बाहेरून कायम आभाळ दाखवणारी ती काच
आतून अगदी साधी आहे.
रस्ता दिसतो. पेटी दिसते.
गाडीतल्या बाईचा चेहरा
चांगला दिसत असणार.

खोपीत बर्चच्या ढलप्या छतापर्यंत रचलेल्या,
थराथरावर खडूने साल.
शेवटच्या थरावर पुढच्या हिवाळ्याचं,
वाळायला वर्ष लागतं, म्हणून.
तो हिवाळा आता मी जाळते.
चांगला जळतो.

सेइयाला एक गोष्ट सांगितली नाही.
त्या फेब्रुवारीत, मंगळवारी,
पेटीत सोमवारचा पेपर तसाच होता.
मी त्याच्यावर मंगळवारचा ठेवला.
बुधवारचा जाईना, तो घडी करून कोंबला.
खिडकीत हात नव्हता. आणि धुराड्यातून
धूर होता की नव्हता
हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.
गुरुवारी गाडी बंद केली, बर्फातून चालत गेले,
पायरीपर्यंत. पुढचं फोनवरून झालं.
डॉक्टर म्हणाले, रविवारी रात्रीच गेले ते,
तुम्ही थांबला असतात तरी तेच.
ते वाक्य मी जपून ठेवलंय.
रोज उलगडते,
रोज त्याच रेघांवर त्याची घडी पडते.

घर का घेतलंस, बहीण विचारते.
स्वस्त होतं, म्हणते मी.
तेही खरंच आहे.

माझ्या रस्त्यावर आता विल्यामी असतो,
कोवळा पोरगा, गाणी लावून येतो.
दहा वाजून पाच. खिडकीतून हात वर करायचा की नाही
ते माझं रोजचं रोज ठरतं.
आज त्याने बियाण्यांचा कॅटलॉग टाकला,
तौनोच्या नावाचा.
नियम मला माहीत आहे. आडवी रेघ मारायची,
"पत्तेदार मयत" लिहायचं, परत पाठवायचं.
झोपेतसुद्धा लिहीन, इतक्यांदा लिहिलंय.

पेन घेऊन बसले.
पान बत्तीसवर गाजरं आहेत,
उशिरा येणारी, थंडीत तग धरणारी.
दोन पाकिटं मागवली,
त्याच्याच ग्राहक क्रमांकावर.